तीर्थरूप दादाची तीर्थयात्रा

नांदेड,
दि. १० ऑगस्ट २०२५

चि. सौ. सिंधु हिस,
दयानंददादाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही. तुझी वहिनी सत्यशीला म्हणते की तू तो मुद्दाम बंद करून ठेवला आहेस. मी म्हणतो लातूरकडे टॉवरचा काही घोटाळा असेल. ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे मानावे. म्हणून हे पत्र. मुख्याध्यापक निवृत्त झाला तरी त्याचा हात निवृत्त होत नाही, हे अक्षरावरून कळेलच.

कारण असे की, यंदा आपल्या ख्रिस्तसभेचे पवित्र वर्ष आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येते. या वर्षात रोमला जाऊन पापनिवेदन करावे, कम्युनियन घ्यावे आणि तिथल्या, एरवी बंद असणाऱ्या पवित्र द्वारातून भक्तिभावाने आत जावे, म्हणजे पापांची उरलेली शिक्षासुद्धा माफ होते. पाप माफ होणे वेगळे आणि शिक्षा माफ होणे वेगळे. हा बारकावा तुझ्या लक्षात नसेल. लग्नानंतर तू चर्चची पायरी किती वेळा चढलीस, ते मी काढत नाही. आमचा गट ऑक्टोबरच्या आरंभी निघतो. गटाचा पुढारी कोण, हे सांगणे मला शोभत नाही, पण मीच आहे.

फादर रविकिरण यांनी प्रवचनात सांगितले की यात्रेला निघण्यापूर्वी सर्वांशी समेट करावा. त्याप्रमाणे मी सर्व नातेवाइकांस पत्रे लिहिली आहेत. तुलाही लिहितो की, कळत-नकळत माझ्याकडून काही चूक झाली असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. धर्माबादच्या सरजाबाई मावशीची आणि आपल्या चुलत भावाची, संगमेश्वरची, क्षमा येऊन पोचली. फक्त तुझी बाकी आहे. तिकीट लावलेले, पत्ता लिहिलेले पाकीट सोबत जोडले आहे, म्हणजे तुला त्रास नको.

घरच्यांना नमस्कार सांगावा. लोभ आहेच, तो उत्तराच्या रूपाने लवकर दिसावा.

तुझा,
दयानंददादा

*

लातूर,
१८ ऑगस्ट

ती. रू. दादास,
सिंधुचा शि. सा. न. वि. वि.

तीर्थरूप हे आजवर सवयीनं लिहीत होते. आता तू खरोखरच तीर्थाला निघालास, तेव्हा या खेपेला अर्थ समजून लिहिलं आहे. साष्टांग मात्र कागदावरच मानून घे. दवाखान्यात दिवसभर उभी राहून माझेही गुडघे बोलायला लागलेत.

तुझं पत्र तुझ्या भाचीनं, पुनमनं, आम्हा दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं. घरच्यांना नमस्कार इथं आल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं की घरचे म्हणजे मीच का गं, का किल्लारीच्या शेतातली म्हैस. लग्नाला तीस वर्षं झाली, दादा. माझ्या नवऱ्याचं नाव आदिनाथ आहे. लिहायला फार अवघड नाही, त्यात जोडाक्षरसुद्धा नाही.

आता तुझं कळत-नकळत. माझ्या वॉर्डात असे पेशंट येतात. म्हणतात, सिस्टर, कुठंतरी दुखून राहिलंय. आम्ही म्हणतो, बाबा, बोट ठेव. बोट ठेवल्याशिवाय डॉक्टरसुद्धा हात लावत नाही. तेव्हा दादा, बोट ठेव. तुला जमत नसेल तर मी ठेवते, मला सवय आहे.

आई गेली तेव्हा तू मला कळवलं नाहीस. ती दोन दिवस मला विचारत होती. तू तिला सांगितलंस की सिंधूला निरोप गेलाय, ती निघाली आहे. ती वाट बघत गेली. मग कब्रस्तानात सगळ्या गणगोतासमोर तू सांगितलंस की सिंधूला कळवलं होतं, पण ती आली नाही. मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही वहिनीनं शेजारणीच्या फोनवरून चोरून कळवलं म्हणून. मी आले तोवर मातीवरची फुलंसुद्धा वाळली होती. त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हापासून सरजाबाई मावशी कुठल्याही लग्नात मला बघितलं की तोंड फिरवते आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणते, आईच्या मातीला आली न्हाई ती ही पोरगी.

यातलं कळत किती आणि नकळत किती, तेवढं वेगळं करून पाठव. मग क्षमेचं बघू. आणि खरं सांगायचं तर मला तुझी क्षमायाचना नकोच आहे. तू ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना खरं सांग. एवढंच. त्याला विमान लागत नाही.

पाकीट छान आहे. त्यात पुनमनं तिचे पासपोर्टचे फोटो ठेवलेत.

लोभ पूर्वी होता तेवढाच असू दे, एकदम वाढवू नकोस, सोसायचा नाही.

तुझी,
सिंधु

*

नांदेड,
३० ऑगस्ट

चि. सौ. सिंधु हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळाले. अक्षर सुधारले आहे, मजकूर नाही.

जुन्या गोष्टी उकरून काढण्यात काय अर्थ आहे? त्या वेळची परिस्थिती तू विसरतेस. नन लोकांच्या पथकाबरोबर तू किल्लारीला भूकंपग्रस्तांची सेवा करायला गेलीस आणि परत येताना नवरा घेऊन आलीस. बाबांनी वर्षभर जेवताना कुणाशी बोलणे टाकले होते. मी चर्च कमिटीचा सेक्रेटरी. आईच्या मातीला सारी मंडळी जमणार, त्यात तू कपाळाला कुंकू लावून, जावयाला घेऊन उभी राहणार, लोक प्रार्थना सोडून तुमच्याकडे बघणार. आईची शेवटची यात्रा शांतपणे व्हावी एवढाच माझा हेतू होता. हेतू शुद्ध असला की कृतीचा दोष हलका होतो, असे धर्मशिक्षणात आहे.

प्रभूने सांगितले आहे की सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करा. त्यात अटी घातलेल्या नाहीत. तू परिचारिका आहेस, दया हा तुझा धर्म आहे. असो. तू क्षमा करो वा न करो, मी पवित्र द्वारातून जाणारच. शेवटी हा व्यवहार माझा आणि परमेश्वराचा आहे.

तयारी जोरात चालू आहे. सत्यशीलेने दशम्या आणि कारळाची चटणी बांधायचे ठरवले आहे. नवे काळे बूट घेतले. तिथे शुभ दिवसाला बोन जोर्नो म्हणतात. गटातल्या सर्वांकडून मी ते रोज पाठ करून घेत आहे.

तुझे मन मऊ व्हावे ही प्रार्थना. लोभ ठेवणे न ठेवणे तुझ्या संस्कारांवर.

दयानंददादा

*

लातूर,
८ सप्टेंबर

ती. रू. दादास,
शि. सा. न.

व्यवहार तुझा आणि परमेश्वराचा आहे हे वाचून हायसं वाटलं. मग मध्ये मला तिकीट लावलेलं पाकीट कशाला पाठवलंस, तेवढं कळलं नाही. आणि सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायची तर निदान एकदा तरी नीट मागावी लागते, असं आम्हा अडाण्यांना वाटतं.

बाकी चार कामाच्या गोष्टी. नवे बूट प्रवासात घालू नकोस, फोड येतील. जुन्या चपला बरोबर ठेव. बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नकोस, हातातल्या पिशवीत असू देत. विमानात दर तासाला उठून चाल. पुढारी असलास तरी रक्ताच्या गुठळीला ते माहीत नसतं.

आईला माझा नमस्कार सांग म्हटलं असतं, पण ती रोमला नाही, नांदेडलाच आहे. तुझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं.

लोभाचं काय ते परत आल्यावर.

सिंधु

*

नांदेड,
१६ ऑक्टोबर

चि. सौ. सिंधु आणि श्री. आदिनाथराव,
उभयतांस दयानंदचा नमस्कार.

परवा सुखरूप पोचलो. तुला पत्र लिहायला बसलो आणि दोन कागद फाडले. हा तिसरा आहे.

बूट तिथे पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी लागले. पवित्र द्वाराकडे गटागटाने चालत जातात. पुढच्या माणसाच्या हातात लाकडी क्रूस असतो. तो मीच धरला होता, हे तू ओळखलेच असशील. अर्ध्या वाटेत दोन्ही टाचांना फोड आले आणि मी असा लंगडायला लागलो की मागच्या बाया म्हणाल्या, सरांना किती भक्ती आली आहे. डोळे पुसायला लागल्या. मी क्रूस आणखी उंच धरला.

पापनिवेदन मी इथे फादर रविकिरणांकडे केले नव्हते. ते मला रोज भेटतात, पुन्हा तोंड कसे दाखवायचे? म्हटले रोमला परका धर्मगुरू असेल, इंग्रजीत सांगू, त्याला अर्धे कळेल, अर्धे देवाला कळेल. तिथे भाषेच्या पाट्या लावलेल्या असतात. इंग्रजीच्या रांगेत उभा राहिलो. नंबर आला, गुडघे टेकले, आणि गुडघ्यातून अशी कळ आली की तोंडातून आई गं निघाले. जाळीपलीकडून शुद्ध मराठीत विचारणा झाली की कुठले तुम्ही. सिंधु, तो फादर वसईचा निघाला.

मग पळायला जागा उरली नाही. मी तुला लिहिले होते तसेच सांगितले, परिस्थिती, कमिटी, शुद्ध हेतू. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले की बहीण जिवंत आहे का. मी हो म्हटले. कुठे असते, तर लातूरला. नांदेडहून लातूर किती लांब, तर तीन-साडेतीन तास. जाळीपलीकडे खुर्ची कुरकुरली. मला वाटले उठून गेला. मग म्हणाला की काका, तुम्ही फार लांब आलात.

त्याने मला क्षमा दिली. पण प्रायश्चित्त म्हणून माळ सांगितली नाही, उपास सांगितला नाही. म्हणाला, ज्या लोकांसमोर तुम्ही बहिणीचं नाव घालवलंत त्याच लोकांसमोर ते परत करा. चोराने चोरलेली वस्तू परत करावी लागते, तसेच हे. मी विचारले, आणि नाही जमले तर? तो म्हणाला, मग दाराचं कौतुक घरी जाऊन सांगा, दार काही बोलणार नाही.

दारातून गेलो. सर्वांनी चौकटीला हात लावला, मीही लावला. बाकीचे रडत होते. मला आईचा हात आठवला, शेवटच्या दिवशी ती दाराकडे बोट करायची. मी तिला म्हणायचो, येतेय सिंधु, आत्ता येतेय.

२ नोव्हेंबरला मृतांचा दिवस आहे. कब्रस्तानात सगळे नातेवाईक जमतात. त्या दिवशी सांगायचे ठरवले आहे. तू यावेस असे वाटते.

तुझा,
दयानंद

*

लातूर,
२४ ऑक्टोबर

ती. रू. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वसईचा निघाला हे वाचून आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. सातासमुद्रापार जाऊन माणूस लपतो आणि जाळीमागं बसलाय मराठी! देवाला विनोद कळतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. ह्यांनी त्या फादरला नमस्कार सांगितलाय. पत्ता असेल तर किल्लारीची तूरडाळ पाठवू म्हणतात.

टाचांना हळद लावू नकोस, स्वच्छ धुऊन मलम लाव आणि उघडं ठेव. 

मी येणार नाही. काल भाऊबीज झाली. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या दारात भावांच्या गाड्या लागल्या होत्या. मला त्याचं काही वाटत नाही असं इतकी वर्षं म्हणत आले, म्हणून तेच पुन्हा लिहिते. पण कब्रस्तानात येऊन मी तुझ्या शेजारी पुराव्यासारखी उभी राहणार नाही. मी समोर असले की तू माझ्याकडं बघून बोलशील, डोळ्यांत पाणी आणशील, बाया मला मिठ्या मारतील आणि तेवढ्यात तुझं सुटेल. मी नसताना सांग. मी नसतानाच तू खोटं बोलला होतास.

आणि रोमचं वर्णन त्यात घालू नकोस.

लोभ असो, धीरही असो.

सिंधु

*

नांदेड,
४ नोव्हेंबर

सौ. सिंधुताईस,
सत्यशीलाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुमचे दादा लिहीन लिहीन म्हणून बसलेत, पण पेनाचं टोपण काढतात आणि लावतात. म्हणून मीच लिहिते.

परवा सगळे जमले होते. धर्माबादहून मावशी आल्या होत्या, संगमेश्वर आला होता, मुखेडकडचे सगळे आले होते. आईंची समाधी आदल्या दिवशी ह्यांनी स्वतः धुतली, चुना लावला, झेंडू घातला. फादर रविकिरणांनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. मग हे म्हणाले, मला दोन शब्द बोलायचेत. लोकांना वाटलं रोमचं प्रवचन. बाया पदर पसरून खाली बसल्या. संगमेश्वरनं मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला.

आणि ताई, ह्यांनी रोमच सुरू केलं! विमान झालं, क्रूस झाला, टाचा झाल्या. मी छत्रीच्या टोकानं मागून टोचलं. मग थांबले. खाली बघून असं काहीतरी पुटपुटले की पुढच्या रांगेलाही कळलं नाही. मावशीला तर तसंही कमी ऐकू येतं. त्या ओरडल्या, मोठ्यानं बोल की रे मास्तर, धुरपतीचं, तुझ्या आईचं, काय म्हणून राहिलास?

तेव्हा ह्यांना तेच पुन्हा सांगावं लागलं. ओरडून. सिंधूला मी कळवलंच नव्हतं. कळवलं म्हणून तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं. आई शेवटपर्यंत तिला विचारत होती, तिलाही मी खोटंच सांगितलं. सिंधूची काही चूक नव्हती. एवढं बोलून झालं तरी हात तसाच वर राहिला होता, वर्गात गप्प बसा म्हणताना धरतात तसा.

मावशी काठी टेकत आल्या. ह्यांना वाटलं जवळ घेतात, म्हणून वाकले. त्यांनी पाठीत काठी घातली. जोरात नाही, पण आवाज आला. म्हणाल्या, इतकी वर्षं मी त्या लेकराला नावं ठेवली, माझं तोंड तू नासवलंस, आता ते कुठं धुऊ? आणि आईंच्या समाधीच्या कडेवर बसून रडायला लागल्या. त्यांना तसं रडताना मी आईंच्या मातीलाही पाहिलं नव्हतं.

घरी निघताना संगमेश्वरनं हळूच विचारलं, दादा, व्हिडिओ काढून टाकू का. हे म्हणाले, नको, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाक, जे आले नव्हते त्यांनीही ऐकू दे. टाकला. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकानं दिवाळीच्या उशिराच्या शुभेच्छा दिल्या, त्यानं बघितला नसणार. दोन घरांनी ह्यांच्याशी बोलणं टाकलंय. कमिटीत कुणीतरी म्हणालं म्हणे की अशा माणसानं गटाचा पुढारी व्हायला नको होतं. ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं आणि म्हणाले, बरोबरच आहे.

तुम्हाला पाठवायला मला कुणी सांगितलेलं नाही, पण पुनमच्या नंबरवर व्हिडिओ पाठवलाय. पाहायचा तर पाहा.

तुमची माया आमच्यावर राहिली नसेल तरी माझी तुमच्यावर आहे.

सत्यशीला

*

लातूर,
१६ नोव्हेंबर

ती. रू. दादास,
सिंधुचा शि. सा. न. वि. वि.

व्हिडिओ पाहिला. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहिला. मग दाराला कडी लावून आवाजासकट. संगमेश्वरचा हात फार हलतो, अर्धा वेळ नुसतं आभाळ आणि लिंबाचं झाड दिसतं. काठीचा आवाज मात्र छान आलाय. पुनमनं तेवढाच भाग तीनदा लावला.

मागच्या रविवारी मी धर्माबादला मावशीकडं जाऊन आले. दार उघडलं आणि मला बघून ती तशीच आत गेली. म्हटलं झालं, सवय सुटत नाही. तर ती चूल पेटवून बसलेली. भाकरी, वरण, ठेचा, लोणी, सगळं माझ्या ताटात वाढत राहिली. माझं पोट भरलं तरी वाढत राहिली. निघताना माझा हात धरून बसस्टँडपर्यंत आली आणि भेटेल त्याला अडवून सांगत होती, ही माझ्या धुरपतीची पोरगी. कंडक्टरलाही सांगितलं.

आता तू विचारशील की मी माफ केलं का. मलाच नीट माहीत नाही, दादा. सकाळी केलेलं असतं. दुपारी वॉर्डात कुणी म्हातारी लेकीचं नाव घेत पडलेली असली की परत घेते. माझं नाव तू घालवलं होतंस, ते तू परत दिलंस, माझ्यापुरतं ते मिटलं. आईला वाट बघायला लावलीस, ते माफ करणारी मी कोण? ते तुम्ही दोघं वर गेल्यावर बघून घ्या. ती मऊ आहे, माझ्यासारखी नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. पुनमचं लग्न ठरलं. फेब्रुवारीत आहे, लातूरलाच. मुलगा आनंदराज नावाचा आहे, शाळेत शिक्षक आहे, म्हणजे बोलण्याचा त्रास होणारच. आमच्याकडं मंगलाष्टकांच्या आधी भटजी माईकवरून ओरडतात की मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मामा नसला की गावातला कुणीही उभा करतात. ह्यांनी किल्लारीच्या एकाला सांगूनही ठेवलं होतं. परवा ह्यांनीच मला म्हटलं की त्याला नको म्हणून कळवू का.

तेव्हा बघ. फेटा बांधावा लागेल. चार लोक बघतील, त्यातले दोन तुझ्या कमिटीचे असतील. समोर भटजी असेल आणि भाषण करता येणार नाही. वसईच्या फादरनं दिलं त्यापेक्षा हे अवघड असेल तर तसं स्पष्ट लिही, मी रागावणार नाही. किल्लारीचा माणूस तयारच आहे.

वहिनीला माया कळव. तुझ्यासाठीही थोडी पाठवते आहे, जपून वापर.

सिंधु

*

नांदेड,
२४ नोव्हेंबर

प्रिय सिंधु,

तुझे पत्र आले त्या दिवसापासून उत्तर मनात लिहितो आहे. फादर रविकिरणांना विचारले की मी मांडवात उभे राहिलेले चालेल का. ते म्हणाले, सर, भाची तुमची आहे ना, मग मला काय विचारता? किल्लारीच्या त्या गृहस्थांना नको म्हणून कळवावे.

मला यातले काही येत नाही. मामाने पुढे चालायचे की मागे? मुलीचा हात धरायचा की नुसते सोबत जायचे? नेऊन उभे केल्यावर मी कुठे थांबायचे? आदिनाथरावांना विचारून सविस्तर कळव. लिहून काढतो आणि पाठ करतो.

एक गोष्ट मात्र पाठ करून येणार नाही. पुनमला मी शेवटचे पाहिले तेव्हा ती तुझ्या कडेवर होती. तुम्हाला समोर बघून मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो होतो आणि ती माझ्याकडे बघून हात हलवत होती. परक्या माणसाचा हात धरून तिने मांडवात का यावे? आधी तिने मला बघावे, काय विचारायचे ते विचारावे, आणि मग नको वाटले तर नको म्हणावे.

येत्या रविवारी सकाळची एस. टी. आहे. सत्यशीलाही येते म्हणते.

येऊ का?

दयानंद